नखाची खूण

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. आपली पत्रं तिथला साहेब आधी वाचतो असं तू लिहिलंस, म्हणून साहेबांनाही माझा नमस्कार सांग, म्हणजे तू सांगायच्या आधीच त्यांना कळेल.

बातमी आधी देते. पात्रता फेरी पार केली! चारशे अकरा खेळाडू होते, पहिले बत्तीस पुढे जाणार, मी नववी आले. मुख्य स्पर्धा पंधरा दिवसांनी.

तू विचारलंस, पत्ते म्हणजे रमी का. रमी नाही रे बाबा. यात प्रत्येकानं आपापली साठ पत्त्यांची गड्डी घरून जमवून आणायची. कुठल्या पत्त्यावर राक्षस, कुठल्यावर विजेचा लोळ, कुठल्यावर तटबंदी. दोघांनी समोरासमोर बसायचं. प्रत्येकाकडे वीस प्राण. मी राक्षस सोडला, तुझी तटबंदी पडली, की तुझे प्राण कमी. कागदावर लिहीत जायचं: वीस, सतरा, नऊ, चार. आमच्यात कोणी 'हरला' म्हणत नाही, 'मेला' म्हणतात.

हॉल म्हणजे प्रदर्शनं भरवायचं गोडाऊन, वर पत्रा. चारशे माणसं एका वेळी पत्ते पिसायला लागली की गारा पडल्यासारखा आवाज येतो. बोलत कोणी नाही, पण टेबलाखाली सगळ्यांचे पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखे हलत असतात. आणि वास! प्लास्टिक आणि घाम. एक जण हरायला लागला की स्वतःचा पंजा चावतो, त्याच्या हातावर दातांचे वळ आहेत. दोघी जुळ्या बहिणी आहेत, त्या समोरच्याच्या डोळ्यात एकटक बघतात, पापणी लववत नाहीत, समोरचा घाबरून चुकीचा पत्ता टाकतो.

सहाव्या राउंडला माझ्या शेजारच्या टेबलावर, सगळे ज्याला गेंडा म्हणतात, तो होता. क्रेन चालवतो, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. त्याच्यासमोर एक लुकडा औषधदुकानदार. दुकानदारानं शेवटचा पत्ता टाकला आणि हसला. नुसता हसला. गेंड्यानं गड्डी ठेवायची लोखंडी पेटी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. माणूस खुर्चीसकट मागे गेला. त्याचा दात माझ्या टेबलावर आला, दादा. माझ्या पत्त्यांच्या प्लास्टिकच्या कव्हरांवर रक्ताचे बारीक बारीक थेंब.

आणि मी काय केलं माहितीये? घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं उरली होती. हात वर करून पंचांना म्हटलं, "आम्हाला वेळ वाढवून द्या." मग कव्हरं पुसली आणि माझ्या समोरच्याला सात मिनिटांत मारला.

त्या माणसाशी लग्न करून चार वर्षं मी नुसता मार खाल्ला. इथं मी मारते. प्राण कमी होताना समोरच्याचा चेहरा उतरत जातो, ते बघायला मला आवडतं. वाईट आहे का रे हे?

तुझी,
चिंगी

१२ फेब्रुवारी

चिंगे,

वाईट आहे की नाही हे तू मला विचारतेस? म्हणजे लांडग्याला विचारायचं, मटण खावं का.

नववी आलीस, शाब्बास. मी इथं सगळ्यांना सांगितलं. माझ्या कोठडीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पत्ते खेळून बक्षीस मिळतं, मग आम्हाला पत्ते खेळताना पकडलं की फटके का?" त्याला उत्तर सुचलं तर कळव.

आमच्याकडचं सांगतो. मी सध्या स्वयंपाकघरात आहे, बटाटे सोलतो. परवा भांड्यांच्या बादलीवरून दोघांचं वाजलं. एकानं उकळतं पाणी दुसऱ्याच्या मानेवर ओतलं. कातडी अशी सुटून आली की मी दोन दिवस बटाट्याला हात लावला नाही. तो ओरडत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. पूर्वीचा मी असतो तर मध्ये पडून तिसराच कोणीतरी फोडला असता. चौदा महिने झाले, कोणावर हात उगारलेला नाही. साहेबांनी तसा शेरा लिहिलाय. बहुतेक मार्चमध्ये सोडतील.

तुझ्या त्या नवऱ्याचे गुडघे फोडले त्याचं मला अजूनही काही वाटत नाही, हे साहेबांनी वाचलं तरी चालेल, त्यांना तोंडीही सांगितलंय. पण बाहेर आल्यावर मला साधं जगायचंय. तू खेळशील, मी लांब बसून टाळ्या वाजवीन. टाळी कधी वाजवायची तेवढं शिकव.

मुख्य स्पर्धेत दात सांभाळ. स्वतःचे.

दादा

२३ फेब्रुवारी

दादा,

मला बाद केलं. दोन वर्षांची बंदी घातली.

कसं झालं ते सांगते. मी पहिल्या आठात आले होते. उपांत्यपूर्व सामना मास्तरशी. हा कुठल्याशा शाळेत गणित शिकवतो. उंच, टकला, पांढरा शर्ट, डाव्या मनगटावर दोन घड्याळं. तोंडावरची माशी हलत नाही. आमच्यात नियम आहे की सामन्याआधी समोरच्याची गड्डी आपण पिसून द्यायची. त्यानं माझी पिसली. पहिला डाव मी जिंकले. दुसऱ्याच्या आधी पंचबाई आल्या, म्हणाल्या, गड्डी तपासायची आहे. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर अजून दोन पंच होते.

माझ्या चार सगळ्यात जबर पत्त्यांच्या कव्हरांवर एकाच कोपऱ्यात नखाची खूण सापडली. म्हणजे पालथ्या गड्डीतूनही मला ते पत्ते ओळखता येतात, असा आरोप.

त्यानंच केल्या त्या खुणा! पिसताना. दुसरं कोण करणार? आणि वर पंचांना बोलावून आणलं असणार. मी ओरडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. तो नुसता बसून होता, घड्याळांकडे बघत.

कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं. चोर म्हणून. शिट्ट्या वाजल्या. बाहेर जाताना एकानं अंगावर थुंकलं, एकानं खुर्ची लाथेनं माझ्या नडगीवर ढकलली. दाराशी त्या जुळ्यांपैकी एकीनं माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. भुवईवर तीन टाके पडले आहेत. मी जमिनीवर बसून होते आणि लोक माझ्यावरून पाय टाकून जात होते, दादा. पायपुसण्यावरून जावं तसे.

माझं सगळं गेलं. एवढी एकच जागा होती मला.

तू डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तो मास्तर काही लपून नाही, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच हॉलमध्ये सकाळपासून खेळत असतो, पण आपल्याला काय करायचंय. तू काही करू नकोस. मी फक्त मन मोकळं केलं. खरंच काही करू नकोस.

चिंगी

२ मार्च

चिंगे,

कळलं.

टाके ओले करू नकोस. नडगीला शेक दे.

नऊ तारखेला सोडतायत. तू न्यायला येऊ नकोस. इथून सुटलेला एक मित्र आहे, आधी चार-पाच दिवस त्याच्याकडे राहीन, मग तुझ्याकडे येतो. दुसरा रविवार म्हणजे चौदा तारीख ना?

दादा

५ मार्च

दादा,

हो, चौदा.

घर आवरते आहे. मधल्या खोलीत तुझी खाट टाकली आहे, गादी नवी भरून घेतली. टाके काढले, आता भुवईत एक फट राहिली आहे, आरशात बघितलं की कोणी तरी दुसरीच वाटते. शेजारणीची मांजर व्यायली, चार पिल्लं आहेत. तुला आवडतात म्हणून सांगते.

जपून ये.

चिंगी

१९ मार्च

चिंगे,

पत्ता तोच जुना आहे, म्हणजे तुला कळलंच असेल. या वेळी कोठडी दुसरी. उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्यात, बसून लिहिता येत नाही, म्हणून अक्षर वाकडं. साहेब वाचतील, वाचू देत. जबाब हाच दिलाय.

रविवारी दहा वाजता गेलो. तिकीट काढून आत. तू म्हणालीस तसाच हॉल, तसाच गारांचा आवाज. मला वाटलं होतं लोक आरडाओरडा करत असतील, आपल्याकडे कुस्त्यांना करतात तसा. इथं तर चिडीचूप. एकानं प्राण गेल्यावर आपलेच पत्ते दातांनी फाडले, तेही आवाज न करता. मला तुरुंगातलं जेवणघर आठवलं. तिथंही मारामारीच्या आधी असंच गप्प असतं.

मास्तर लगेच सापडला. दोन तास मी त्याला बघत होतो. तीन जणांना मारलं त्यानं. समोरच्याचे पत्ते असे हळू पिसायचा, जणू काचेचे आहेत.

जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले. तो तिथंच बसून पत्ते लावत होता. मी समोर बसलो.

"तुमचा टेबल नंबर?" त्यानं विचारलं.

"मी खेळत नाही. दोन वर्षांची बंदी घातलीत ना एका मुलीवर? तिचा भाऊ."

त्यानं पत्ते खाली ठेवले. म्हणाला, "बरं झालं भेटलात. ती कशी आहे? डोक्याला लागलं होतं तिच्या."

मला वाटलं, काय निर्ढावलेला माणूस आहे. त्याचा उजवा हात टेबलावरच होता. मनगट धरलं, कोपरानं दाबून ठेवलं आणि अंगठा मागे वळवला. ओली फांदी मोडते तसा आवाज आला. मग पहिलं बोट. तो ओरडला नाही, श्वास अडकल्यासारखा आत ओढत राहिला. मग मधलं. तेव्हा बोलला. "तपासणी मी मागितली नव्हती. त्यांच्या यादीत तिचा नंबर आला. मी पंचांना म्हटलं, तिला बाद करू नका, नव्या कव्हरांत डाव पुन्हा खेळू. विचारा त्यांना."

मी म्हटलं, "खोटारड्या." आणि उरलेली दोन मोडली.

मग लोक धावले. पाठीत खुर्ची बसली, खाली पडलो, पाच-सहा जण होते, बुटांनीच मारत होते. एक जण प्रत्येक लाथेबरोबर "हाताला? हाताला?" एवढंच विचारत होता. पंचबाई शिट्टी फुंकत मध्ये आडव्या पडल्या नसत्या तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो.

तुझं काम झालं. आता तरी झोप नीट लागते ना?

दादा

२९ मार्च

दादा,

हे पत्र साहेब आधी वाचतील, म्हणून सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे शोधावं लागायला नको. त्या खुणा मी केल्या होत्या. मी, माझ्या नखानं, आदल्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. चार कव्हरं, उजवा वरचा कोपरा.

तीन वर्षं मी पहिल्या आठात येऊन मरत होते. या वेळी मरायचं नव्हतं, एवढंच कारण. मास्तरांनी काही केलं नव्हतं. ते तुला म्हणाले ते सगळं खरं आहे. मी तिथंच होते, माझ्यासमोर त्यांनी पंचांना विनवलं. म्हणाले, "चांगली खेळते हो ती, तिला याची गरज नाही." त्या एका वाक्याचा मला इतका राग आला, दादा, की खुर्च्यांचा आणि थुंकीचाही आला नाही. चोर म्हटलेलं सोसवलं. कीव केलेली नाही सोसवली.

तुला लिहायला बसले तेव्हा मला माहीत होतं तू काय करशील. त्यांचा शर्ट लिहिला, घड्याळं लिहिली, रविवार लिहिला. वर तू काही करू नकोस असं लिहिलं. कुत्र्याची साखळी सोडायची आणि लोकांना ऐकू जाईल असं "थांब थांब" ओरडायचं, तसं. दोन तारखेचं तुझं पत्र आलं तेव्हाही वेळ होता. एक पत्र लिहून फाडलं आणि मांजरीच्या पिल्लांचं पाठवलं.

परवा दवाखान्यात गेले. मास्तरांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांतून तारा बाहेर आलेल्या. त्यांची बायको खाटेशी बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. मी उभी राहिले. तिनं दुसऱ्या गालावर मारली, अंगठीनं ओठ फाटला. तेव्हा मास्तर म्हणाले, "पुरे."

मग मला म्हणाले, "माफी मागायला आलात की बघायला?"

मी म्हटलं, "खरं सांगायला."

"सांगू नका. लिहून द्या. तोंडी सांगितलेलं उद्या फिरवता येतं."

त्यांच्याच शाळेच्या वहीत लिहिलं, तारीख घातली, सही केली. त्यांनी डाव्या हातानं कागद धरून दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मी जायला निघाले तेव्हा म्हणाले, "वर्गात फळ्यावर लिहितो मी. या हातानं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तोच कागद मी चौकीत दिलाय, पंचांनाही पाठवलाय. कायमची बंदी येईल, येऊ दे. कोर्टात बोलावतील तेव्हा हेच सांगणार आहे. तुझी शिक्षा माझ्यामुळे आहे. तू मला एक ओळ लिही. शिव्या लिही. पण लिही.

चिंगी

१६ जून

चिंगे,

अडीच महिने लिहिलं नाही. शिव्या आठवत नव्हत्या म्हणून नाही. लिहायची गोष्ट वेगळी होती आणि ती हाताला येत नव्हती.

परवा कोर्टात तू साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सगळं सांगितलंस. एक शब्द गाळला नाहीस. मास्तर तिसऱ्या बाकावर होते, त्यांची दोन बोटं अजून वळत नाहीत असं डॉक्टर म्हणाले. मग माझा वकील उठला. म्हणाला, माझ्या अशिलाला बहिणीनं भरीस घातलं, त्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं, त्याला कमी शिक्षा द्यावी. मी उभा राहून म्हटलं, "असं नाही, साहेब." जज्जांनी विचारलं, मग कसं? मी बोललो नाही. साडेतीन वर्षं दिली.

बाहेर येताना तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, दादानं पुन्हा मला वाचवलं. म्हणून हे पत्र.

तुझं बाद झाल्याचं पत्र वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. नवऱ्यानं तुला जिन्यावरून ढकललं तेव्हा तू मला काही सांगितलं नव्हतंस. शेजारणीनं कळवलं. त्याआधीच्या चार वर्षांतही तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही. खरा मार बसला की तू गप्प होतेस. आणि या वेळी दीड पान लिहिलंस, शर्टासकट. पण मी ते खटकणं बाजूला सारलं.

मग मास्तर. मार खाणारा माणूस खोटं बोलतो तेव्हा स्वतःसाठी बोलतो. सोडा, मी नव्हतो, पोरंबाळं आहेत. मी शेकडो वेळा ऐकलंय. हा माणूस हात सोडवायला धडपडत नव्हता. तीन बोटं मोडलेली असताना तुझ्याबद्दल सांगत होता. मला त्याच क्षणी कळलं, चिंगे. हा खरं बोलतोय हे अगदी लख्ख कळलं. तेव्हा दोन बोटं धड होती.

थांबता आलं असतं. कोणी अजून धावलं नव्हतं. पण इतक्या महिन्यांनी हातात कोणीतरी आलं होतं आणि मला बरं वाटत होतं. मी 'खोटारड्या' म्हटलं ते त्याला नाही, लोकांनी ऐकावं म्हणून. आणि मोडली. डॉक्टर म्हणाले ना दोन वळत नाहीत, तीच ती.

तू कुत्रा आणि साखळी लिहिलंस. ते वाचून मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, कुत्र्याला कोण दोष देतं? वकीलही तेच म्हणत होता. पण मी कुत्रा नाही. मला ऐकू येतं, समजतं.

अंगठा, पहिलं आणि मधलं, यांत तुझा वाटा आहे. तो तू आयुष्यभर बाळग, मी 'जाऊ दे' म्हणणार नाही. शेवटची दोन माझी आहेत. ती मी तुला देणार नाही.

दादा